वाचकांचे प्रश्न : पाच चौकटी आणि ठरलेली अक्षरे

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला इंग्रजी शिकवते. मुलांना मोबाइलवरील ‘वर्डल’ या पाच चौकटींच्या शब्दखेळाचा नाद लागला आहे. शिष्यवृत्तीच्या सरावात ‘ही अक्षरे असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द सांगा’ असे प्रश्न मीही घालते. मुले मोबाइलवरून तयार याद्या उतरवून पाठ करतात आणि आठवड्याभरात विसरतात. अशा शब्दांपर्यंत स्वतःच्या डोक्याने पोहोचण्याची काही रीत आहे का? — एक शिक्षिका, उदगीर

उत्तर : बाई, रीत आहे, आणि ती पाठांतरापेक्षा सोपी आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या जिल्ह्यात पाठांतराविरुद्ध बोलणे धाडसाचे असले, तरी याद्या पाठ करणे हा या कामाचा सर्वांत लांबचा रस्ता आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या मुलांची पहिली अडचण कानाची असते. देवनागरीत जे ऐकू येते ते लिहिले जाते, म्हणून ‘लाइट’ म्हटले की मूल तीन अक्षरे मोजते. इंग्रजीत मात्र त्या शब्दाला एल, आय, जी, एच, टी अशी पाच घरे लागतात आणि त्यांतली मधली दोन उच्चारात कोठेच नसतात. त्यामुळे अक्षरसंख्येचा कोणताही खेळ सुरू करण्यापूर्वी शब्द बोटांवर स्पेलिंगने मोजायची सवय लावावी.

दुसरी गोष्ट अशी की, इंग्रजी अक्षरे सुटी सुटी हिंडत नाहीत, ती ठरलेल्या सोबत्यांबरोबर ठरलेल्या जागी बसतात. ए, आर आणि टी ही तीन अक्षरे असलेले पाच अक्षरी शब्द हवे आहेत, असे धरा. यादी आठवत बसण्याऐवजी मुलांनी टी-आर ही जोडी शब्दाच्या तोंडाशी ठेवून पाहावी, म्हणजे ‘ट्रेन’ आणि ‘ट्रेल’ लगेच हाती लागतात. मग ए-आर-टी हा तुकडा शेवटी नेऊन ठेवला की ‘स्टार्ट’, ‘स्मार्ट’ आणि ‘चार्ट’ येतात. तोच तुकडा मध्ये सरकवला की ‘पार्टी’ येते, आणि शेवटी ई-आर ठेवले की ‘वॉटर’, ‘लेटर’ म्हणजे नंतर या अर्थाचा शब्द, आणि ‘आफ्टर’ येतात. यांतले बहुतेक शब्द उदगीरच्या बाजारात रोज कानावर पडणारे आहेत. यानंतर फळ्यावर हृदयाचा इंग्रजी शब्द लिहा आणि त्याचा पहिला एच उचलून शेवटी ठेवायला सांगा. पृथ्वीचा शब्द तयार होतो. एखाद्या मुलाला हे स्वतःहून दिसले, तर ती दोन्ही स्पेलिंगे त्याला पुन्हा पाठ करावी लागणार नाहीत.

कोठे काय बसत नाही, हेही सांगावे. नेहमीच्या वापरातले इंग्रजी शब्द व्ही या अक्षरावर संपत नाहीत, म्हणूनच ‘हॅव’ आणि ‘गिव्ह’ यांच्या शेवटी मुका ई येतो. आपली मुले नेमका तोच गाळतात.

आता त्या खेळाविषयी. जॉश वॉर्डल यांनी तो २०२१ मध्ये लोकांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. लपवलेला पाच अक्षरी शब्द ओळखायला प्रयत्न सहा मिळतात. अक्षर योग्य जागी असेल तर चौकट हिरवी होते, अक्षर शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळी, आणि अक्षर नसेलच तर करडी. मूळ खेळात उत्तराचे शब्द सुमारे २,३०० होते, मात्र अंदाज म्हणून जवळजवळ १३,००० शब्द चालत असत. म्हणजे उत्तर बहुतेक वेळा माणसाच्या ओळखीचा शब्द असतो, आणि दुर्मीळ शब्दांच्या याद्या येथेही फारशा उपयोगी पडत नाहीत.

मुले हमखास अडकतात ती जागा एकदा वर्गात करून दाखवा. एका मुलीने पहिला अंदाज आठ या अंकाच्या इंग्रजी शब्दाचा केला. पहिला ई करडा झाला आणि पुढची आय-जी-एच-टी ही चारही अक्षरे हिरवी झाली. आता जिंकलेच, असे तिला वाटते, पण त्या चार अक्षरांपुढे एफ, एल, एम, एन, आर, एस किंवा टी यांपैकी काहीही बसते आणि ‘फाइट’, ‘लाइट’, ‘माइट’, ‘नाइट’, ‘राइट’, ‘साइट’, ‘टाइट’ असे सात नेहमीचे शब्द समोर उभे राहतात. प्रयत्न तर पाचच उरले आहेत. एकेक घालत गेल्यास हार होऊ शकते. अशा वेळी उत्तर नाही हे ठाऊक असूनही ‘फिल्म्स’ हा शब्द घालावा, कारण त्यात एफ, एल, एम आणि एस ही चार अक्षरे एकदम तपासली जातात. त्यांपैकी एखाद्याला रंग आला तर उत्तर मिळालेच. नाही आला तर ‘नर्स’ घालावे. या शब्दाच्या पाच अक्षरांतील एनला रंग आला तर ‘नाइट’, आरला आला तर ‘राइट’, आणि दोन्ही करडी राहिली तर ‘टाइट’. चौथ्या प्रयत्नापर्यंत हमखास सुटका होते. खेळाच्या कठीण प्रकारात मिळालेली हिरवी अक्षरे सोडता येत नाहीत, तेथे ही युक्ती चालत नाही. बाकी ठिकाणी मात्र एका प्रश्नात अनेक शक्यता बाद करण्याची ही सवय बुद्धिमत्ता चाचणीतही कामी येते.

प्रश्न : ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही स्वर नसलेला पाच अक्षरी इंग्रजी शब्द असतो का? — एक विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : असतो, पण त्यात स्वराचे काम वाय करतो. ‘निम्फ’, ‘क्रिप्ट’, ‘ट्रिस्ट’ आणि ‘जिप्सी’ हे शब्द शब्दकोशात काढून पाहा. ‘जिप्सी’मध्ये तर वाय दोनदा येतो. ‘रिदम’ याच जातीचा आहे, मात्र त्याची अक्षरे सहा आहेत.

प्रश्न : इंग्रजीत क्यूनंतर यू आलाच पाहिजे, असे आम्हाला शाळेत शिकवले. याला अपवाद असलेले पाच अक्षरी शब्द आहेत का? — एक सेवानिवृत्त वाचक, परभणी

उत्तर : आहेत, आणि आपल्या पिढीच्या परभणीकरांना ते परके वाटणार नाहीत. मुळात क्यू-यू ही जोडी १०६६ नंतर नॉर्मन लेखनिकांनी रुळवली. राणीसाठीचा शब्द त्यापूर्वी सी आणि डब्ल्यू यांनी लिहिला जात असे. पुढे अरबी लिपीतील ‘क़ाफ़’ हे घशातून उच्चारायचे अक्षर इंग्रजीत दाखवण्यासाठी एकटा क्यू वापरला गेला, आणि त्यातून ‘फकीर’, ‘बुरखा’, ‘निकाब’ व ‘तलाक’ हे शब्द क्यूपुढे यू न लावता इंग्रजी शब्दकोशांत गेले. चारही बरोबर पाच अक्षरी आहेत. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चालत होता, त्यामुळे त्या काळी शिकलेली मराठवाड्यातील माणसे हा ‘क’ कानाने वेगळा ओळखत असत.

पाचवा शब्द ‘कनात’. तो तंबूच्या कनातीचा नव्हे, तर जमिनीखालून उताराने पाणी आणणाऱ्या कालव्याचा. स्पेलिंग क्यू, ए, एन, ए, टी. याच पद्धतीची नहर-ए-अंबरी मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी बांधली. नातवंडांना हा शब्द शिकवायचा असेल, तर नहरीचे अवशेष दाखवूनच शिकवावा.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘फकीर’ के वापरूनही लिहितात, तरीही अक्षरे पाचच राहतात, आणि तेच स्पेलिंग अधिक रूढ असल्याने परीक्षेत ते लिहिणे बरे. क्यूचे स्पेलिंग कोड्यांसाठी राखून ठेवावे.