वाचक विचारतात: पेनांगमध्ये दोघांनी निवांत काय खायचं, कसं फिरायचं?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको मलेशियाला चाललोय. क्वालालंपूर झाल्यावर पाचेक दिवस हातात आहेत, ते पेनांग बेटावरच्या जॉर्ज टाउन गावातच घालवावेत असं मला वाटतं, पण ओळखीचे सगळे म्हणतात दोन दिवसात उरकतं, बाकीचे लंकावी बेटाला द्या. आम्हाला दोघांनाही धावपळ नको असते, खायची मात्र भारी आवड आहे. काय करावं?

उत्तर: पाचही दिवस तिथेच राहा. बघायच्या जागा म्हणाल तर खरंच दोन दिवसात होतात, पेनांग हिलची फ्युनिक्युलर ट्रेन, केक लोक सी मंदिर, खू कोंग्सी हे खू घराण्याचं जुनं कुलमंदिर, पाण्यावर खांब रोवून बांधलेली च्यू जेट्टीची घरं, भिंतीवरची चित्रं, झालं. पण तिथलं खाणं दोन दिवसात होत नाही, कारण एकेक स्टॉलवाला वर्षानुवर्षं एकच पदार्थ करत असतो आणि तोही त्याच्या ठरलेल्या वेळेलाच. सकाळी जिथे गर्दी होती तिथे संध्याकाळी शटर खाली, आणि दुपारी जी किंबर्ली स्ट्रीट शांत वाटते तिथे अंधार पडला की हातगाड्या लागून धुराचे लोट सुटलेले असतात. कुणाची सुट्टी सोमवारी तर कुणाची गुरुवारी. त्यामुळे आज हुकलं तर उद्या जाऊ, एवढी सवड हवीच.

आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा सकाळी लवकर बाहेर, ऊन चढलं की रूमवर येऊन मस्त झोप, चारनंतर परत बाहेर असंच ठेवलं होतं, आणि तुम्हीही तसंच ठेवा कारण तिथला दमट उकाडा बारा महिने असतो. राहायला जुन्या गावातच घ्या. 2008 पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, जुन्या दुकान-घरांमध्ये छोटी हॉटेलं झाली आहेत आणि बहुतेक सगळं चालत जाण्यासारखं आहे.

आणि एक नियम कराच, एका वेळी एकच प्लेट मागवायची आणि दोघांनी खायची. प्लेटी लहानच असतात, साध्या स्टॉलवर बऱ्याचशा दहा रिंगिटच्या (तिथलं चलन) आसपास येतात, आणि अर्धं पोट रिकामं राहिलं तरच पुढच्या गाडीपाशी थांबावंसं वाटतं.

सुरुवात आसाम लाक्सापासून करा. बांगडा उकडून, कुस्करून केलेला चिंचेचा आंबट-तिखट रस्सा, त्यात तांदळाच्या जाड नूडल्स, वरून पुदिना, काकडी, कांदा, अननस आणि चमचाभर काळी दाट कोळंबीची पेस्ट. बांगड्याचं तिखलं खाऊन वाढलेल्या माणसाला हा रस्सा पहिल्या घोटालाच ओळखीचा वाटतो आणि दुसऱ्या घोटाला अननस लागला की एकदम परका, मला तर ते फार आवडलं. वाढणाऱ्या बाईंचे हात नक्की बघा, वाटीतल्या नूडल्सवर उकळता रस्सा ओततात, परत पातेल्यात काढतात, परत ओततात, नूडल्स आतपर्यंत गरम होईपर्यंत हे चालू असतं.

मग चार क्वे त्याव. चपट्या नूडल्स, कोळंबी, शिंपल्या, मुगाचे मोड, अंडं, आणि मोठ्या आचेवर लोखंडी कढईत आलेला धुराचा वास. चांगला स्टॉलवाला एका वेळी एकच प्लेट परततो म्हणून रांग लागते, ती लावा, अगदी वसूल होते. बहुतेक चिनी स्टॉलवर डुकराची चरबी वापरतात, चालत नसेल तर आधी विचारा.

प्रश्न: माझे मिस्टर सगळं खातात, मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. मी उपाशी राहीन का हो?

उत्तर: अजिबात नाही, पण सावध राहावं लागेल. नुसत्या भाजीतही ब्लाचान म्हणजे सुक्या कोळंबीची पेस्ट असू शकते, सांबाल म्हणजे मिरचीच्या चटणीत तर असतेच. 'साया ताक माकान डागिंग, इकान, उडांग' हे पाठ करून जा, म्हणजे मी मांस, मासे, कोळंबी खात नाही. लिटल इंडियात 1833 सालच्या महामारिअम्मन मंदिराच्या आसपास केळीच्या पानावरचं जेवण, डोसे मिळतात. रोटी चनाई म्हणजे पदर सुटलेला पराठा घेताना सोबत डाळच द्या असं सांगा, नाहीतर माशाचा नाहीतर मटणाचा रस्सा येतो. चिनी बौद्धांची शाकाहारी हॉटेलंही आहेत, ती चुकवू नका. ऑक्टोबरच्या सुमाराला नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो तेव्हा तर पिवळे झेंडे लावलेले शाकाहारी स्टॉल जागोजागी दिसतात.

आणि पेनांग रोडच्या गल्लीतला चेंडोल तुमचाच! किसलेला बर्फ, नारळाचं दूध, पाम गूळ, लाल बीन्स आणि पांडन नावाच्या सुवासिक पानाच्या रसातल्या हिरव्या शेवया. दुपारी तीनला उन्हातून येऊन खा.

प्रश्न: कोपितियाममध्ये, म्हणजे तिथल्या स्टॉलवाल्या जुन्या कॉफीच्या दुकानात, ऑर्डर कशी द्यायची? यजमानांना साखर चालत नाही.

उत्तर: आधी टेबल पकडा, मग हव्या त्या स्टॉलवर जाऊन पदार्थ आणि टेबल सांगा, बहुतेक ठिकाणी आणून देतात आणि तेव्हाच पैसे घेतात. चहा-कॉफी मात्र दुकानाचा माणूस टेबलापाशी येऊन विचारतो, आणि ती घ्यावी, जागेचं भाडं त्यातूनच निघतं. नुसतं कोपी म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड कॉफी येते, कोपी-ओ म्हणजे काळी पण साखरेची, यजमानांसाठी कोपी-ओ कोसोंग सांगा, बिनदुधाची बिनसाखरेची. तुम्ही काया म्हणजे नारळ-अंड्याचा गोड जॅम लावलेला टोस्ट आणि अर्धी उकडलेली अंडी घ्या, अंड्यांवर सोया सॉस आणि पांढरी मिरी घालून टोस्ट त्यात बुडवायचा.

प्रश्न: व्हिसा आणि क्वालालंपूरहून जायचं कसं?

उत्तर: भारतीयांना 2026 अखेरपर्यंत 30 दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, फक्त पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं. क्वालालंपूरहून विमान आहे पण तुम्हाला घाई नाही तर ट्रेनच घ्या, केएल सेंट्रल स्टेशनहून बेटासमोरच्या किनाऱ्यावरच्या बटरवर्थला साधारण चार तासांत पोचते, स्टेशनातून फेरीच्या धक्क्यापर्यंत चालत जाता येतं आणि पलीकडे उतरलात की जुनं गाव समोरच. शनिवार-रविवार असेल तर ट्रेनची तिकिटं आधीच काढून ठेवा.