‘ऑर्गेनिक’ पाटी लावण्याआधी खरेदीची वही

पत्र इंदूरहून, सुदामानगरमधल्या एका आईचं. थोडक्यात असं: “मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.बी.ए. करणार नाही म्हणते. विजयनगरला जागा भाड्याने घेऊन पर्यावरणस्नेही ऑर्गेनिक रेस्टॉरंट काढायचं डोक्यात घेतलंय. माझ्या भावाची देवासकडे शेती आहे, तीन वर्षं रासायनिक खत घातलेलं नाही, माल तिथून येईल. हे यंदा रिटायर झाले, पी.एफ.चे 18 लाख आहेत आणि ते द्यायला तयार आहेत. मला मात्र झोप नाही. आमच्याकडे हॉटेल कुणी काढलेलं नाही. हो म्हणू की नाही?”

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या पत्रातल्या हॉटेलच्या ओळीबद्दल. घरात हॉटेल कुणी काढलेलं नाही ही अडचण नव्हेच. ज्या शहरात सकाळी पोहे-जिलबीला आणि रात्री बारा वाजता सराफ्यातल्या खाऊगल्लीत गर्दी असते, तिथे खायला घालण्याच्या धंद्याला कमीपणा कसला? मला काळजी वेगळीच वाटते. तुमच्या पत्रात जागा आहे, पैसे आहेत, नाव काय ठेवायचं तेही आहे. पण खरेदीबद्दल एवढंच एक वाक्य आहे: “माल मामाकडून येईल.” असं रेस्टॉरंट बुडालं तर या वाक्यावरच बुडतं.

मागे एका शहरात अशाच पाटीच्या ठिकाणी जेवायला गेलो होतो. मातीचे कुल्हड, भिंतीवर वारली, सगळं देखणं. वेटरला विचारलं, तूरडाळ कुठली हो? तो आत गेला, दोन मिनिटांनी आला आणि म्हणाला, “सर, ऑर्गेनिकच आहे.” मी कुठली म्हणून विचारलं होतं, कशी म्हणून नव्हे. वरण चांगलं होतं, पण पुन्हा काही गेलो नाही.

आता कायद्याचं. हे लेकीला नीट वाचायला सांगा. जैविक अन्नासाठी एफ.एस.एस.ए.आय.चे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2017 चे नियम आहेत. त्यानुसार एखादी वस्तू ‘ऑर्गेनिक’ म्हणून विकायची तर तिच्यामागे एन.पी.ओ.पी. (बाहेरच्या संस्थेने तपासून दिलेलं) नाहीतर पी.जी.एस.-इंडिया (शेतकऱ्यांच्या गटाने दिलेलं) प्रमाणपत्र लागतं. जैविक मालावरचं ‘जैविक भारत’चं सरकारी चिन्ह त्याशिवाय लावता येत नाही. वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या शेतकऱ्याला सूट आहे, पण ती त्याने थेट खाणाऱ्याला विकलं तर. रेस्टॉरंट हा खाणारा नव्हे. म्हणजे मामांच्या शेतात तीन वर्षं युरियाचा दाणा पडलेला नसला तरी कागद नाही तोवर मेनूकार्डावर ‘ऑर्गेनिक’ छापता येणार नाही. ‘देवासकडच्या मामांच्या शेतातली तूर’ असं मात्र खुशाल छापा. ते खरं आहे, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त भूक लावणारं वाटतं.

कागद मिळवण्याची वाट मामांना परवडेल अशी आहे. पी.जी.एस.मध्ये आजूबाजूच्या किमान पाच शेतकऱ्यांचा गट करावा लागतो, ते एकमेकांची शेतं तपासतात. सुरुवातीला ‘पी.जी.एस.-ग्रीन’ म्हणजे बदलाच्या काळातलं शेत, आणि पुढे ‘पी.जी.एस.-ऑर्गेनिक’. मामांना चार शेजारी तयार करायचे आहेत. ते काम आज सुरू झालं तरी लेकीच्या पाटीला वेळ आहे, हे धरूनच चाला.

दुसरी गोष्ट ऋतूंची. मामांच्या शेतात काय पिकतं? पत्रात नाही, पण माळव्याची काळी जमीन म्हटल्यावर सोयाबीन, गहू, हरभरा, लसूण, बटाटा असणारच. तांदूळ नाही. बारमाही टोमॅटो नाही. मग पनीर बटर मसाला आणि जीरा राइस कुठून येणार? चोइथराम मंडीतून. म्हणजे ज्या मंडीतून पलीकडचा ढाबा माल उचलतो तिथूनच, फक्त पाटी आपली हिरवी. हे टाळायचं तर पानात शेतच दिसलं पाहिजे: पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू (तळून खायचा कंद), हुरडा आला की हुरडा, बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) मालवी गव्हाचे, भाकरी ज्वारीची नाहीतर मक्याची. आणि ‘आज वांगी नाहीत’ हे गिऱ्हाइकाला सांगायची छाती. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. आपलं इंदुरी गिऱ्हाईक प्रेमळ, पण शेव संपली म्हटलं तर दुकान बदलतं!

हिशेब करून बघू. आकडे माझे नाहीत, समजा म्हणून घेतलेत. तिने आपले घालावेत. थाळी 220 रुपयांची. साध्या मालात कच्चा माल पस्तीस टक्के धरला तर 77 रुपये. जैविक माल दीडपट महाग पडला तर 115. हातात उरले 105. विजयनगरचं भाडं, तीन माणसांचे पगार, वीज आणि गॅस मिळून महिन्याला 1 लाख 18 हजार धरा. महिन्याला सव्वीस दिवस दुकान चाललं तर रोजच्या 44 थाळ्या नुसत्या खर्च निघायला. चव्वेचाळिसाव्या थाळीपर्यंत तिचा स्वतःचा पगार शून्य. त्यातून घरपोच डबा अॅपवरून गेला तर कमिशन वेगळं, आणि या हिशेबात वाया गेलेली भाजी मी धरलेलीच नाही. घरी एकदा दहा किलो पालक आणून निवडा आणि वजन करा. देठ, पिवळी पानं, माती, किडकी पानं गेल्यावर किती उरतो ते तिच्या डोळ्यांनी बघू दे. फवारणी नसलेल्या पालकात किडीची पानं जास्तच निघतात.

म्हणून माझं म्हणणं: हो म्हणा, पण रेस्टॉरंटला नाही, एका वर्षाला. पी.एफ.मधले अडीच-तीन लाख बाजूला काढा, बाकीचे ठेवीत जाऊ देत. पुढे खरंच जागा घ्यायची वेळ आली तर मुद्रा कर्जाचा ‘तरुण’ गट 10 लाखांपर्यंत आहे. तेव्हा बँक तिच्या वहीकडे बघेल, बाबांच्या पासबुकाकडे नाही.

त्या वर्षात काय करायचं? पहिले सहा महिने कुणाच्या तरी चालत्या किचनमध्ये नोकरी, आणि ती शेगडीपाशी नव्हे, स्टोअरमध्ये. माल उतरवून घेणं, वजन, बिलं, आधी आलेला माल आधी वापरणं, काय कुजलं त्याची नोंद. बी.कॉम. झालेल्या मुलीचा तिथे खरा उपयोग आहे. स्वयंपाकाची बैठक हवी असेल तर भोपाळ आणि ग्वाल्हेरला हॉटेल मॅनेजमेंटच्या केंद्रीय संस्था आहेत. पूर्ण पदवीला तीन वर्षं, त्याची मला तिच्यासाठी गरज वाटत नाही. फूड प्रॉडक्शनचा दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्स असतो, त्याची चौकशी करा. एफ.एस.एस.ए.आय.चं फॉस्टॅक, म्हणजे अन्न सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण तर छोटं आहे, ते करूनच टाकावं. आणि एक रविवार काढून इंदूरजवळच्या सनावदियाला जाऊन या. जनक पलटा मॅगिलिगन यांचं केंद्र तिथे आहे. 2015 साली पद्मश्री मिळालेल्या या बाई सौर चुलींवर स्वयंपाक आणि जैविक शेती दोन्ही शिकवतात. उन्हावर डाळ शिजताना बघितली की गॅसच्या बिलाकडे बघायची नजर बदलते. अर्थात ढगाळ श्रावणात गॅस लागतोच, हेही तिथेच कळेल.

पुढचे सहा महिने घरून डबे. वीस डबे, जास्त नाही. घरून दिले तरी अन्न परवान्याची नोंदणी लागते, ती आधी.

‘पर्यावरणस्नेही’बद्दल थोडं. इतर शहरांत ‘आम्ही ओला-सुका वेगळा करतो’ हे मोठ्या अक्षरांत लिहितात. इंदुरात ते लिहिलं तर लोक हसतील. इथे कचऱ्याच्या गाडीचं गाणं लागलं की आजीबाईसुद्धा सहा प्रकार वेगळे करून उभ्या असतात. 2017 ते 2023 सलग सात वर्षं आपण देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिले आलो, आणि देवगुराडियाच्या कचरा डेपोवर रोजच्या 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प 2022 मध्ये उभा राहिलाय. प्लास्टिकच्या ताटल्या, चमचे, स्ट्रॉ तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदच आहेत. ते न वापरणं हा कायदा झाला, गुण नव्हे. तिला वेगळं करायचंच असेल तर जेवायला स्टीलची ताटं आणि डब्यालाही स्टीलचाच डबा, परत घ्यायचा. तळणीचं तेल किती वेळा वापरलं त्याची पाटी लावली तर मी स्वतः जेवायला येईन. तेल पुन्हापुन्हा तापवून त्यात वाढणारे ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांवर गेले की ते टाकून द्यायचं असा नियम आहे, पण गिऱ्हाइकाला त्याचा हिशेब दाखवणारं हॉटेल मला अजून भेटायचंय.

आणि कच्च्या भाजीचा कचरा? तो गाडीत टाकू नका. मामांचा टेम्पो माल उतरवून रिकामाच परत जातो ना? त्यात भरा. जगभर कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ म्हणून जी शिकवतात, ती आपल्याच शहरातली. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथल्या संस्थेत ती बसवली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. 1931 साली त्यावर जे पुस्तक निघालं त्यात हॉवर्डांच्या जोडीला यशवंत वाड यांचं नाव आहे. 1935 मध्ये गांधीजी ते काम बघायला येऊन गेले. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावायचे आणि ढीग अधूनमधून उलटायचा, की साधारण तीन महिन्यांत खत. लेकीला पाटीवर गोष्ट हवीच असेल तर परदेशी शब्दांपेक्षा ही घ्यावी. वाडांचं नाव आपल्या मराठी मंडळींतही फार कुणाला ठाऊक नसतं याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

आता तिला एक काम द्या. कोरी वही, बारा पानं, दर पानावर एक महिना. त्या महिन्यात मामांच्या शेतातून नक्की काय येईल, किती किलो, आणि त्यातून काय रांधता येईल, एवढंच लिहायचं. मामांना फोन करून लिहायचं, मनाने नाही. शेजारचा शेतकरी सोयाबीनवर फवारतो तेव्हा फवारा आपल्याकडे येऊ नये म्हणून बांधावर मोकळी पट्टी आहे का, तेही त्याच फोनवर विचारू दे. जून-जुलैची पानं जवळजवळ रिकामी राहतील. ती तशीच ठेवा आणि वहीचे फोटो मला पाठवा. विजयनगरच्या जागेचं टोकन तोवर देऊ नका.