गाठी नाहीत, तरी पीच का वाळतात?

प्रश्न : जॉर्जियात फोर्ट व्हॅलीजवळ आमची पीचची छोटी बाग आहे, जमीन रेताड. झाडं चार वर्षांची. या मार्चमध्ये फुलं आली, पालवीही फुटली आणि आठवड्याभरात कितीतरी झाडं उभी वाळली. माहेरी सांगोल्याला डाळिंबाच्या मुळांवर सूत्रकृमीच्या (मातीतल्या सूक्ष्म किड्यांच्या) गाठी पाहिल्या होत्या, म्हणून मुळं उकरली. एकही गाठ नाही. खुंट (ज्या मूळझाडावर कलम बांधतात तो) तर सूत्रकृमीला दाद न देणारा नेमागार्ड आहे. छाटणी नोव्हेंबरातच उरकली होती. मग गेलं कशानं? त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावू का?

उत्तर : ताई, नवी रोपं आत्ता लावू नका. गाठी नाहीत म्हणून सूत्रकृमी नाहीत, असं होत नाही. डाळिंबावरचा कृमी मुळाच्या आत शिरतो, म्हणून गाठ दिसते. तुमच्याकडे मला संशय आहे तो रिंग सूत्रकृमीचा. तो मुळाबाहेर मातीतच राहतो आणि सुईसारखं तोंड खुपसून रस शोषतो. जेमतेम अर्धा मिलिमीटरचा जीव, डोळ्यांना दिसणार कसा? रेताड जमीन त्याला फार मानवते.

१९५९ साली आलेला नेमागार्ड गाठीवाल्या कृमीला रोखतो, रिंगवाल्याला नाही. रोपं विकताना ही दुसरी बाजू कुणी सांगत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

हा कृमी झाड थेट मारत नाही. तो झाडाची थंडी सोसण्याची ताकद काढून घेतो. मग हिवाळ्याअखेरची थंडी किंवा सालीत शिरणारा कँकरचा (साल कुजवणाऱ्या रोगाचा) जिवाणू त्याचा घास घेतो. तीन ते सहा वर्षांची झाडं यात सर्वाधिक जातात. खोडाची साल चाकूनं खरवडून पाहा : आत तपकिरी आणि आंबूस वास, पण जमिनीखाली मुळं जिवंत, बुंध्याशी फुटवे, असं असेल तर हेच दुखणं समजा. नोव्हेंबरातल्या छाटणीनं त्यात भरच घातली. मजूर तेव्हा सहज मिळतात हे कबूल, पण राहिलेल्या झाडांना जानेवारी संपेपर्यंत कात्री लावू नका. छाटणी फुलोऱ्याच्या वेळेजवळ जितकी न्याल तितकं बरं.

जिवंत झाडांच्या मुळांजवळची ओलसर माती पिशवीत भरून, ऊन न लागू देता, काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) कृषी विस्तार कार्यालयात तपासायला द्या. मातीचा सामूही (पीएच) तपासून घ्या; माती आम्ल निघाली तर लागवडीआधी चुना खोलवर मिसळून सामू साडेसहाच्या आसपास आणा. मेलेली झाडं मुळांसकट काढा आणि तिथे गहू घ्या. तुमच्या शेजारच्या बायरनमधल्या संशोधन केंद्राच्या प्रयोगांत गव्हानं या कृमींची संख्या घटली होती.

पुढची लागवड गार्डियन खुंटावरच करा. बायरनचं केंद्र आणि क्लेमसन विद्यापीठ यांनी तो १९९३ मध्ये दिला. त्याच्या मुळांवरही रिंग कृमी वाढतात, पण झाड तग धरतं. म्हणून गार्डियन लावला तरी छाटणीची वेळ पाळावीच लागेल.