स्टॉर्मच्या डिक्कीवर स्पॉयलर टाकू का?

प्रश्न: नमस्कार भाऊ. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे, २००० ची, लाल कलर, तीच ती गोव्याला बनायची ती टू-सीटर. काकांची होती, मधे काही वर्षं शेडमधे नुसती उभीच होती, आता इंजिनचं काम करून घेतलं तर मस्त धावून राहिली. पण मागून एकदम बोडकी दिसते. पोट्टे म्हणतात मागं मोठा स्पॉयलर टाक, समृद्धीवर शंभरच्या वर गाडी हलते ना ते पण बंद होईल. एका दुकानात फायबरचा रेडीमेड विंग पाहून आलो, दुकानवाला म्हणे ड्रिल मारून अर्ध्या तासात बसवून देतो. बसवू का? खरंच काही फरक पडते का नुसता शो आहे?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर: आधी एक सांगतो, ही गाडी विकू नका, कोणी कितीही मागे लागलं तरी. फायबर बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, साठेक हॉर्सपॉवर, आपल्या देशात बनलेली उघड्या छताची गाडी, अशा किती उरल्या असतील आता.

तर स्पॉयलर. फरक पडतो, पण कुठे आणि किती ते बघा. गाडीच्या वरून हवा जाते तेव्हा छताच्या आणि डिक्कीच्या उतारावर ती चिकटून खाली वळायला बघते, आणि जिथे वळते तिथे दाब कमी होतो, म्हणजे गाडीचा मागचा भाग किंचित वर ओढला जातो. डिक्कीच्या अगदी कडेला उभी पट्टी लावली की हवेला तसं गुळगुळीत खाली वळता येत नाही, पट्टीच्या पुढे डिक्कीवर दाब वाढतो आणि वर ओढणं कमी होतं. पोर्शेने १९७२ मधे ९११ च्या कॅरेरा आरएसला मागे डकटेल, म्हणजे बदकाच्या शेपटीसारखी वर वळलेली कड, बसवली ती याचसाठी, आणि ती दिसायला केवढीशी आहे बघा. विंग वेगळा, तो डिक्कीच्या वर खांबांवर उभा असलेला पंख, त्याच्या वरून-खालून दोन्हीकडून हवा गेली पाहिजे आणि ती पण स्वच्छ हवा, नाहीतर तो नुसता डिक्कीवर चढवलेला बाक.

आता आकडे. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, ६० चे १२० झाले की चौपट. तुमच्याएवढ्या गाडीवर नीट बसलेली छोटी लिप, म्हणजे तीच कडेची पट्टी, १२० ला, मोठ्या मनाने धरलं तरी, दहाएक किलोचा फरक करेल. ६० ला तो होतो अडीच किलो, म्हणजे वर्धा रोडला डिक्कीतला जॅक-पाना त्याच्यापेक्षा जास्त काम करतो. त्यात आपला मे महिना, ४५ डिग्रीची हवा १५ डिग्रीच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के पातळ असते, म्हणजे तेवढाही मिळणार नाही. आणि तुमचं छत उघडं असेल तर विषयच संपला, कारण समोरच्या काचेवरून उडालेली हवा सीटच्या मागे गोल गोल फिरत डिक्कीवर पोचते, तिला कुठलाच विंग धरू शकत नाही. छत लावून चालवाल तेव्हाच काय तो उपयोग.

मग गाडी हलते कशाने? शंभरातली नव्वद वेळा टायर. गाडी काही वर्षं उभी होती म्हणता, तर टायर एका जागी चपटे झाले असणार. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो तो वाचा, २३१६ लिहिलं असेल तर २०१६ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वर गेलेले टायर गोटे नसले तरी बदलाच, वरून रबर चांगलं दिसतं आणि आतून कडक झालेलं असतं, आणि समृद्धीच्या काँक्रीटवर उन्हात सलग दोन तास चाललं की तिथेच फुटतात. टायरनंतर बॅलन्सिंग, अलाइनमेंट, मग सस्पेन्शनचे बुश (सांध्यांमधले रबर) आणि मागचे शॉकअप. स्टीअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग, मागचा भाग लोळल्यासारखा वाटत असेल तर बुश-शॉकअप, आणि फक्त ट्रक ओव्हरटेक करतानाच झटका बसत असेल तर ती हलकी गाडी आहे म्हणून, त्याला काही इलाज नाही, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवायचे. विंगचे पैसे आधी इकडे लावा.

स्पॉयलर काही करेल का हे स्वतःच पाहायचं असेल तर एक फुकटातला प्रयोग आहे. लोकरीचे बोटभर तुकडे कापा, पांढरे, लाल रंगावर उठून दिसतील, आणि डिक्कीवर ओळीने चिकटपट्टीने लावा, पुढचं टोक चिकटवायचं, मागचं मोकळं. सकाळी रस्ता रिकामा असताना मित्राला मागच्या गाडीतून व्हिडिओ काढायला सांगा (काढणारा वेगळा, चालवणारा वेगळा, प्लीज), ७०-८० चा स्पीड पुरे. दोरे डिक्कीला चिकटून सरळ मागे पडले असतील तर हवा तिथे लागून जातेय, कडेची लिप काम करेल. वेड्यासारखे नाचत असतील, उलटे पुढे येत असतील, तर तिथे आधीच हवा सुटलेली आहे आणि तुम्ही काहीही लावा. छत लावून एकदा आणि उघडून एकदा असं दोन्ही बघा, मजा येईल.

एवढं सगळं करून झाल्यावरही बोडकी दिसते म्हणून लावायचाच असेल तर लावा ना, गाडी हौसेची आहे. पण मोठा विंग नको, दोन-तीन इंचाची लिप घ्या, आणि त्या अर्ध्या तासवाल्याला ड्रिल हातात घेऊ देऊ नका. फायबरवर वरचा जो चकचकीत थर असतो ना, जेलकोट, तो काचेसारखा तडकतो. पत्र्याच्या सवयीने ड्रिल दाबलं की भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, त्या आज दिसत नाहीत, सहा महिन्यांनी रंगावर येतात. भोक पाडायलाच लागलं तर मास्किंग टेप लावून, आधी ड्रिल उलटं फिरवून वरचा थर खरवडून काढायचा आणि मगच सुलटं, भोकाची कड थोडी तिरपी करायची, आतून रुंद वॉशर किंवा पट्टी द्यायची, नट जीव खाऊन आवळायचा नाही आणि सिलिकॉन भरायचं, नाहीतर जुलैत डिक्कीत पाणी. तोंडाला मास्क लावूनच, ती काचेची धूळ खूप चावते.

त्यापेक्षा लिप टेपने चिकटवा. गाड्यांचे बॅज आणि मोल्डिंग लावायला येते ती फोमची अ‍ॅक्रिलिक टेप, व्हीएचबी म्हणून मागा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धं-अर्धं करून जागा पुसा, वॅक्सचा अंश राहता कामा नये, आणि चिकटवताना पॅनल साधारण २१ ते ३८ डिग्रीमधे पाहिजे. इथेच नागपूर नडतं. मे महिन्यात दुपारी बॉनेटला हात लावून बघा, कळेल, आणि डिसेंबरच्या सकाळी उलटं, टेप धरतच नाही. म्हणून उन्हाळ्यात भल्या सकाळी सावलीत, हिवाळ्यात दुपारी. दाबून धरा, अगदी अंगठ्याने इंच इंच, आणि ७२ तास गाडी धुवायची नाही, हायवेला न्यायची नाही, पूर्ण पकड यायला तेवढा वेळ लागतो. एक अडचण आहे, जुन्या रंगाखाली पुट्टी सुटलेली असेल तर टेप धरून राहील आणि रंगच उखडून येईल, म्हणून आधी डिक्कीवर नखाने टकटक करून आवाज ऐका, भद्द आवाज येतो तिथे पुट्टी जाड आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. कलम १८२ए खाली प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायद्यात बदल म्हणजे रचनेत असा फेरफार की गाडीचं मूळ वैशिष्ट्यच बदलेल, त्यात दोन इंचाची चिकटवलेली लिप बसू नये असं मला वाटतं, पण रस्त्यावर तुमच्यासमोर मी नाही, इन्स्पेक्टर उभा राहणार. तुमची गाडी १५ वर्षांच्या पुढची आहे, दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला आरटीओत उभी करावीच लागते, तेव्हा लावायच्या आधीच एकदा विचारून घ्या. नंबर प्लेट, ब्रेक लाइट झाकले जायला नको. इन्शुरन्सवाल्यालाही लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तीच लिप पुढे करतील.

प्रश्न: माझी २००६ ची सेडान आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह. मुलाला तिला रेसिंगच्या गाड्यांसारखा उंच जीटी विंग लावायचा आहे. मी नाही म्हणते, तो म्हणतो आई तुला काही कळत नाही. कोण बरोबर?
– एक आई, हिंगणा रोड

उत्तर: ताई, तुम्ही. विंग मागच्या चाकांच्याही मागे बसतो, तो जेवढा मागे दाबेल तेवढी पुढची चाकं थोडी हलकी होणार, आणि तुमच्या गाडीत ओढायचं, वळायचं सगळं पुढच्याच चाकांकडे आहे. शिवाय डिक्कीचं झाकण पातळ पत्र्याचं, वर चार-पाच किलो वाढले की स्प्रिंग ते वर धरून ठेवू शकत नाही, एक दिवस सामान काढताना डोक्यात बसेल. त्याला म्हणा, त्या पैशात चारही चाकांचे ब्रेक पॅड आणि चांगलं ब्रेक ऑइल टाक, मित्रांना ते दिसत नाही हाच काय तो प्रॉब्लेम.

प्रश्न: सेकंडहँड ऑडी टीटी घेतली, दुसऱ्या पिढीतली. स्पॉयलर आपोआप वर यायला पाहिजे म्हणतात, माझा येतच नाही. बिघडला काय?
– धरमपेठचा एक वाचक

उत्तर: बहुतेक बिघडलेला नाही, तुम्ही तेवढे जोरात गेलेले नाही. तो १२० च्या पुढे गेल्यावर वर येतो आणि वेग ८० च्या खाली आला की आत जातो. समृद्धीवर मर्यादाच १२० ची आहे, म्हणजे कायद्याने चालवलं तर तो तुम्हाला दिसायलाच नको, आणि शहरात तर विसराच. सेंटर कन्सोलवर त्याचं बटण असतं, गाडी उभी करून ते दाबून बघा. आला तर सगळं ठीक. नाही आला तर आधी फ्यूज, मग मोटर. आपल्याकडच्या धुळीत महिनोन्महिने न हललेली यंत्रणा अडकतेच, म्हणून आठवड्यातून एकदा बटणाने वर घ्यायचा, खालची धूळ ब्रशने काढायची, आणि धुणाऱ्या पोराला बजावून ठेवायचं की हाताने दाबून आत घालायचा नाही, मोटरचे गिअर तिथेच जातात.

पण त्याला शोभेची वस्तू समजू नका. पहिली टीटी १९९८ मधे आली तेव्हा मागे काहीच नव्हतं, गुळगुळीत गोल पाठ, दिसायला फार सुंदर. जर्मनीत ऑटोबानवर भन्नाट वेगात लेन बदलताना, वळणावर मागचा भाग सुटून अपघात झाले, तेव्हा कंपनीने गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदललं, ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) दिलं आणि डिक्कीवर छोटासा स्पॉयलर बसवला. तुमच्या गाडीतला तो पॉप-अप त्याच्यानंतरचा. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागून राहिला तर गाडी जोरात पळवू नका, आधी दाखवून घ्या.