इंग्लंडमध्ये दारूच्या आहारी गेलेल्या माणसासाठी तिथलं कौन्सिल (स्थानिक पालिका) नेमकं काय करतं?
आपल्याकडे ‘आडवी बाटली’ म्हणून बायका मतदानाने दुकान बंद पाडतात, तसं तिथे नाही. दारूचे परवाने कौन्सिलच देतं. कौन्सिलच्या आरोग्य संचालकांना परवान्यावर आक्षेप घेता येतो, पण नुसतं ‘आरोग्याला अपाय’ हे कारण चालत नाही. गुन्हेगारी, उपद्रव, लोकांची सुरक्षितता किंवा मुलांना धोका यांत ते बसवावं लागतं. (स्कॉटलंडमध्ये आरोग्य हेही कारण चालतं.)

व्यसनमुक्तीची सेवा २०१३ पासून कौन्सिलकडे आहे. ती मोफत असते आणि सहसा डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही.

खरी पंचाईत होते ती दारू, मानसिक आजार आणि बेघरपणा एकाच माणसाच्या वाट्याला आले की. मानसिक आरोग्यवाले म्हणतात आधी दारू सोडा, व्यसनमुक्तीवाले म्हणतात आधी मनाचे उपचार घ्या, आणि माणूस दोघांच्या मध्ये लटकतो. अशा वेळी २०१४चा प्रौढांच्या देखभालीचा कायदा, म्हणजे केअर अ‍ॅक्ट लक्षात ठेवा. त्याच्या अधिकृत मार्गदर्शिकेत स्वतःची आबाळ करून घेणंही ‘छळ किंवा दुर्लक्ष’ यांच्या धोक्यात धरलेलं आहे. असा धोका असेल, तर माणूस ‘नको’ म्हणाला तरी त्याच्या देखभालीच्या गरजांची तपासणी करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. शेजारी किंवा नातेवाईक म्हणून तुम्हीही ‘अ‍ॅडल्ट सोशल केअर’ला, म्हणजे कौन्सिलच्या देखभाल विभागाला, कळवू शकता. ‘तो त्याच्या मर्जीने पितो’ एवढ्यावर फोन ठेवू देऊ नका.

आणि हो, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. झटके येऊन जिवावर बेतू शकतं.