घटस्फोट सहा महिन्यांत होतो का?

ताई, तुम्ही गुहागरला माहेरी, नवरा डोंबिवलीत, वेगळं राहून दोन वर्षं झालेली, आणि कुणीतरी सांगितलंय की 'सहा महिन्यांत मोकळी होशील'. मी चिपळूणच्या कोर्टात बरीच वर्षं कारकुनी केली, म्हणून सांगतो : हा सहा महिन्यांचा हिशेब दोघं राजी असतील तरच धरायचा.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब प्रमाणे संमतीच्या अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबून दोघांनी पुन्हा कोर्टात 'हो' म्हणायचं. हे सहा महिनेही माफ होऊ शकतात, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ साली अमरदीप सिंग प्रकरणात ठरवलं. त्यासाठी वेगळं राहून दीड वर्ष उलटलेलं हवं, समेटाची आशा संपलेली हवी आणि पोटगी-मुलांचं सगळं मिटलेलं हवं. तुमची दोन वर्षं झालीच आहेत. वेगळं राहणं म्हणजे घर सोडणंच असंही नाही. एका छपराखाली दोन चुली मांडून, नवरा-बायकोचं नातं न ठेवता राहिलेलंही धरलं जातं.

मात्र निकाल होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतो, आणि बहुतेक वेळा ती फिरते दागिन्यांवरून नाहीतर मुलाच्या ताब्यावरून. गणपतीला तो गावी येईल तेव्हा दोन्हीकडची समजूतदार माणसं बसवा. स्त्रीधन, एकरकमी रक्कम, मुलाला कधी भेटायचं, सगळं कागदावर घ्या, मगच अर्ज करा.

तो तयारच नसेल, तर तीन-चार वर्षं मनात धरून चला. कायदा म्हणतो सहा महिन्यांत निकालाचा प्रयत्न करा, पण पहिलं घोडं समन्सवरच अडतं. मुंबईतला माणूस खोली बदलतो, कुणी बोटीवर असतो, कुणी आखातात. लिफाफा परत येतो आणि तारीख पुढे जाते. घराचा, नोकरीचा, गावचा असे सगळे पत्ते द्या. मुद्दाम चुकीचा पत्ता देऊन एकतर्फी निकाल मिळवण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. समन्स मिळालंच नाही हे त्याने दाखवलं की तो निकाल रद्द होतो आणि सगळं पहिल्यापासून.

पुढे कैफियत म्हणजे त्याचं लेखी उत्तर, समुपदेशन, पुरावा, उलटतपासणी. मधेच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज येतो. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश-नेहा निकालापासून त्यासाठी दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, ते आधीच तयार ठेवा. निकालानंतर अपिलाला नव्वद दिवसांची मुदत असते, तेवढ्यात दुसरं लग्न ठरवू नका.

डोंबिवलीला खेपा घालायची गरज नाही. बायको जिथे राहते तिथल्या कोर्टातही तिला दावा लावता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाताना लग्नाचा दाखला, आधार कार्ड आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन जा.