अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलला प्रेक्षक एवढं गातात-ओरडतात का? खेळ कळत नसेल तर जावं का?

तुम्ही लिहिलंय की एमएससाठी मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात आला आहात, रूममेट शनिवारच्या सामन्याला चल म्हणून मागे लागलेत, आणि तुम्हाला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. त्यात तिथे सगळ्यांना गाणी पाठ असतात म्हणे, मग आपण काय नुसतं बघत उभं राहायचं?

जा. मी मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकले. या खेळाचे नियम मला आजही अर्धेमुर्धेच कळतात, गाणी मात्र सगळी येतात, आणि माझ्या मते महत्त्वाचा भाग तोच आहे.

आधी हे बघा की गाण्यांना एवढी जागा मिळते कुठून. खेळ घड्याळाप्रमाणे साठ मिनिटांचा, पण स्टेडियममध्ये साडेतीन तास सहज जातात. काही सेकंद धडकाधडकी होते, मग सगळे थांबतात, ठरवतात, पुन्हा रांगेत उभे राहतात. मध्येच टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबतो आणि खेळाडू मैदानावर ताटकळत राहतात. हा सगळा रिकामा वेळ सत्तर-ऐंशी हजार माणसांनी करायचं काय? तो बँडने आणि प्रेक्षकांनी वाटून घेतलाय. मोठ्या विद्यापीठांचे मार्चिंग बँड दोनशे-तीनशे मुलांचे असतात, आणि कुठल्या क्षणी कुठली धून आणि तिच्यावर लोकांनी काय करायचं हे सगळं ठरलेलं असतं. थोडक्यात, तिकीट काढून आलेल्या माणसालाही इथे काम असतं.

पुण्यात पुरुषोत्तम करंडक कधी पाहिला असेल तर हे लगेच कळेल. भरत नाट्य मंदिरात पडदा उघडायच्या आधी ‘अरे, आवाज कुणाचा?’ सुरू होतं तेव्हा घसा फोडणाऱ्यांपैकी कितीजणांचा एकांकिकेशी संबंध असतो? पण करंडक कॉलेजला मिळाला की तो त्यांचाही असतो. फरक एवढाच की आपल्याकडे पदवी हातात पडली की तो आवाज बहुतेक संपतो. इथे सत्तरीतले आजी-आजोबा लाल स्वेटर घालून त्याच धूनवर तेच हातवारे करताना दिसतात. मिशिगन विद्यापीठाचं ‘द व्हिक्टर्स’ हे गाणं लुई एल्बल नावाच्या विद्यार्थ्याने १८९८ मध्ये शिकागोवरच्या विजयानंतर रचलं. त्या विद्यापीठाकडून फुटबॉल खेळलेले जेराल्ड फोर्ड पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या आगमनाला वाजणाऱ्या ठरलेल्या धूनऐवजी ते कधीकधी हेच वाजवायला लावत!

आता कामाचं. ओरडायचं कधी आणि गप्प कधी बसायचं, एवढं कळलं तरी तुम्ही नवखे वाटणार नाही. चेंडू आपल्या संघाकडे असेल तर आवाज कमी, पाहुण्यांकडे असेल तर जीव तोडून गोंगाट. त्याला कारण आहे. क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू, ओरडून इशारे देतो आणि त्याच्या इशाऱ्यावर चेंडू मागे येतो. ते ऐकू आलं नाही तर पाहुण्यांचा एखादा खेळाडू आधीच हलतो आणि त्यांना पाच यार्डांचा दंड बसतो. असा दंड बसला की स्टेडियमला जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो, कारण तो दंड खरोखर प्रेक्षकांनी मिळवलेला असतो. (बँडला मात्र ही मुभा नाही. चेंडू खेळात यायच्या बेताला वाजवणं थांबवावं लागतं.)

गाणी ढोबळमानाने दोन जातींची. एक फाइट साँग: जलद, मार्चच्या चालीचं, टचडाउन झाला, म्हणजे चेंडू विरुद्ध टोकाला नेऊन गुण मिळवले, की वाजणारं. दुसरं आल्मा माटर, म्हणजे विद्यापीठाचं गीत: संथ, बहुतेक वेळा शेवटी, खांद्यावर हात टाकून म्हणायचं. यातली बरीचशी उसनी आहेत, आणि त्याचं तिथे कुणाला काही वाटत नाही. आमचं ‘ऑन, विस्कॉन्सिन!’ १९०९ सालचं. चाल रचणारा विल्यम पर्डी ती खरं तर शेजारच्या मिनेसोटा विद्यापीठाच्या स्पर्धेला पाठवणार होता. विस्कॉन्सिनला शिकलेल्या कार्ल बेक नावाच्या मित्राने त्याचं मन वळवलं आणि शब्दही लिहून दिले. मिनेसोटा आमचा जुना वैरी, त्यामुळे ही गोष्ट आम्ही फार चवीने सांगतो. १९५९ पासून ते विस्कॉन्सिन राज्याचंही अधिकृत गीत आहे. ओक्लाहोमाचं ‘बूमर सूनर’ येल विद्यापीठाच्या चालीवर बसवलंय. टेनेसीत लोक ज्याच्यावर बेभान होतात ते ‘रॉकी टॉप’ तर विद्यापीठाचं अधिकृत फाइट साँगच नाही. ते १९६७ सालचं डोंगराळ भागातलं एक लोकप्रिय गाणं, १९७० च्या दशकात बँडने वाजवायला घेतलं आणि लोकांनी सोडलं नाही.

मॅडिसनचं ‘वर्सिटी’ मला सगळ्यात आवडतं. चाल मुळात फ्रेंच संगीतकार गुनो याच्या एका धार्मिक रचनेची, १८९८ मध्ये विद्यापीठासाठी बसवलेली. शेवटच्या ओळीला सगळं स्टेडियम एक हात वर करून डावी-उजवीकडे हलवतं. ही हात हलवायची पद्धत रे ड्वोराक या बँडच्या संचालकांनी १९३४ च्या सुमाराला सुरू केली. पेनसिल्व्हेनियाचे विद्यार्थी सामना हरल्यावरही टोप्या हलवत गात होते, ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे तीही उसनवारीच.

आणि मग तिसरा क्वार्टर, म्हणजे खेळाच्या चार भागांतला तिसरा, संपल्यावरचा दंगा. हाऊस ऑफ पेन या गटाचं ‘जंप अराउंड’ लाउडस्पीकरवर लागतं आणि विद्यार्थ्यांचा अख्खा विभाग उड्या मारायला लागतो. कॅम्प रँडल हे १९१७ सालचं स्टेडियम, आज सुमारे ७६ हजार माणसं बसतील एवढं. उड्या सुरू झाल्या की वरच्या पत्रकार कक्षालाही हादरे जाणवतात. हे काही शंभर वर्षांपूर्वीचं नाही. १० ऑक्टोबर १९९८ ला पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात लागलं आणि रुजलं, एवढीच त्याची कुळकथा. २००३ मध्ये स्टेडियमचं नूतनीकरण चालू होतं. धोका नको म्हणून विद्यापीठाने हंगामाच्या सुरुवातीला ते गाणं बंद केलं, तर मुलांनी असा गहजब केला की इंजिनिअरांकडून बांधकाम भक्कम असल्याचा निर्वाळा घेऊन ते पुन्हा सुरू करावं लागलं. पाच वर्षांची प्रथा, आणि लोक भांडले असे की जणू आजोबांच्या काळापासून चालत आलीय! मला यात काही हास्यास्पद वाटत नाही. विद्यार्थ्यांची पिढी चार वर्षांची असते. २००३ मधल्या बहुतेक मुलांनी त्या उड्यांशिवायचा सामना पाहिलेलाच नव्हता.

सामना संपल्यावर लगेच उठू नका. आमच्याकडे ‘फिफ्थ क्वार्टर’ असतो: बँड मैदानावर येतो, पोल्का वाजतो, पोरं वाद्यं घेऊन नाचतात, लोक बाकांवर नाचतात. मायकल लेक्रोन यांनी १९६९ पासून २०१९ पर्यंत हा बँड सांभाळला, त्यांच्या काळात हे फुललं. तिथलं सगळ्यात लाडकं गाणं मूळचं बिअरच्या जाहिरातीची जिंगल आहे. बिअरच्या नावाच्या जागी विस्कॉन्सिन घातलं, झालं. कुणी समिती नेमून विद्यापीठासाठी गीत लिहून घेतलं असतं तर ते एवढं चाललं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

प्रेक्षकांना काम देण्याची ही गोष्ट टोकाला नेली ती टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने. २ जानेवारी १९२२ ला डॅलसमध्ये त्यांचा संघ सेंटर कॉलेजशी खेळत होता, आणि जखमी होऊन एकेक जण बाहेर पडत होता. राखीव खेळाडू संपतील की काय अशी वेळ आली, तेव्हा प्रशिक्षकाने प्रेक्षकांतून किंग गिल नावाच्या विद्यार्थ्याला बोलावलं. त्याने जखमी खेळाडूचा पोशाख चढवला आणि सामना संपेपर्यंत तो कडेला तयार उभा राहिला. मैदानात उतरायची वेळ आलीच नाही, संघ २२-१४ असा जिंकला. तेव्हापासून तिथला प्रेक्षक म्हणजे ‘बारावा गडी’, आणि विद्यार्थी संपूर्ण सामनाभर उभे राहतात. बसायचंच नाही, कारण बोलावणं कधीही येऊ शकतं! तिथे चीअरलीडर नाहीत. विद्यार्थ्यांनी मतदान करून निवडलेले पाच यल लीडर असतात, ते हातांच्या खुणा करतात आणि सगळे वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून घोषणा देतात. आदल्या मध्यरात्री स्टेडियममध्ये या घोषणांची तालीम होते. होय, तालीम. प्रेक्षकांची.

त्यांचं ‘ॲगी वॉर हिम’ पहिल्या महायुद्धात युरोपात असलेल्या एका विद्यार्थ्याने १९१८ मध्ये लिहिलं, आणि त्यात जवळपास सगळा राग ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठावर. शेवटी सगळे एकमेकांच्या गळ्यात हात घालून आडवे डुलतात, आणि काइल फील्ड हे त्यांचं लाखभर माणसांचं स्टेडियम डुलताना दिसतं. गंमत अशी की २०११ नंतर हे दोन संघ २०२४ पर्यंत एकमेकांशी खेळलेच नाहीत. तेवढी वर्षं हे लोक वेळापत्रकात नसलेल्या शत्रूच्या नावाने दर शनिवारी खडे फोडत होते. पण नोव्हेंबर १९९९ मध्ये याच सामन्यासाठी रचला जाणारा लाकडांचा प्रचंड ढीग कोसळून ए अँड एमची बारा माणसं गेली, तेव्हा आठवड्याभराने झालेल्या सामन्याच्या मध्यंतरात टेक्सासच्या बँडने ‘अमेझिंग ग्रेस’ वाजवलं आणि टोप्या उतरवल्या. वैर होतं म्हणूनच त्या टोप्यांना अर्थ होता.

वैराचा असाच शिष्टाचार आर्मी आणि नेव्ही, म्हणजे लष्कर आणि नौदलाच्या अकादमींच्या सामन्यात दिसतो. खेळ संपल्यावर दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या बाजूला जाऊन त्यांचं गीत ऐकतात, मग जिंकलेल्यांकडे. म्हणून तिथे जिंकू या म्हणायचं तर ‘दुसरे गाऊ या’ असं म्हणतात.

सगळंच गोड आहे असं समजू नका. टेक्सास विद्यापीठाचं ‘द आइज ऑफ टेक्सास’ १९०३ मध्ये पहिल्यांदा गायलं गेलं ते गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करण्याच्या एका कार्यक्रमात. २०२० मध्ये खेळाडूंनी ते बदलायची मागणी केली, बँडमधल्या अनेकांनी वाजवायला नकार दिला, तरी विद्यापीठाने ते ठेवलं. मिसिसिपी विद्यापीठाच्या बँडने मात्र गुलामगिरीच्या काळाशी जोडलेलं ‘डिक्सी’ २०१६ पासून वाजवणं बंद केलं. गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं म्हटल्यावर ज्याला ते म्हणवत नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न येणारच. तुमच्या विद्यापीठाच्या गाण्याचा इतिहास एकदा वाचून घ्या. आणि विद्यार्थ्यांच्या काही घोषणा इथे लिहिण्यासारख्या नसतात. त्या म्हटल्याच पाहिजेत असं कुणी म्हणत नाही.

तुम्ही आयोवाच्या आसपास असाल तर किनिक स्टेडियमला एकदा जाच. स्टेडियमला लागूनच मुलांचं हॉस्पिटल आहे आणि वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून मैदान दिसतं. २०१७ पासून पहिला क्वार्टर संपला की सगळे प्रेक्षक, दोन्ही संघ, पंचसुद्धा त्या खिडक्यांकडे वळून हात हलवतात. बाकी सगळ्या प्रथांवर मी तासभर वाद घालू शकते, हिच्यावर नाही.

तुमच्या शनिवारसाठी एवढंच: फाइट साँग आधी दोनदा ऐका. बहुतेकांत विद्यापीठाचं नाव किंवा तीन-चार अक्षरं ओरडायची जागा असते. तेवढी पकडली की उरलेल्या शब्दांना नुसते ओठ हलवले तरी चालतं, शेजारचे अर्धे लोक तेच करत असतात. रूममेटच्या हातांकडे लक्ष ठेवा. विद्यापीठाच्या रंगाचा एखादा स्वस्त टी-शर्ट घ्या, आणि पाहुण्यांचा रंग चुकूनही घालू नका. ऑक्टोबरनंतर थंडी हाडात शिरते, तेव्हा त्या टी-शर्टच्या आत दोन थर हवेत. तिकीट विद्यार्थ्यांच्या विभागातलं असेल तर बसायला मिळणार नाही असंच धरून चला आणि बूट त्या हिशोबाने घाला.